अरूनं उतरवलेला तक्ता

अरू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरगाव मेघेतल्या माझ्या घराच्या फाटकात भाजीवाल्याशी हुज्जत घालत उभी होते. फोनवर सुनंदा होती, त्याची बायको. "ताई, हे गेले," एवढंच म्हणाली. देवळीला त्याच्या घरी जाताना गाडीत मला रडू आलं नाही, राग आला. धाकट्या भावानं आधी जायचं, ही कुठली रीत? आज दीड महिना झाला, तो राग उतरलेला नाही. उलट मधल्या काळात त्यात भर पडली. ती कशी पडली तेच सांगायला बसलेय.

अरू शेतकी कॉलेजात मातीचं रसायनशास्त्र शिकवायचा. नोकरीला लागला त्या वर्षी त्यानं प्रयोगशाळेसाठी कापडावर एक भला मोठा तक्ता रंगवला. कित्येक दिवस ते कापड देवळीच्या घरात जमिनीवर पसरलेलं असायचं आणि आई बिचारी कडेकडेनं चालायची. मातीत जे कुजून काळं होतं, ज्याला ह्यूमस म्हणतात, त्याचा रेणू कसा असतो त्याचं ते चित्र होतं. षटकोनाला षटकोन जोडलेले, कुठं ऑक्सिजन, कुठं नायट्रोजन, टोकांना आम्लाचे गट... मी शाळेत इतिहास शिकवणारी, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एकेक रेघ अशी सुबक, की बघत राहावं! तो तक्ता वर्षानुवर्षं प्रयोगशाळेच्या भिंतीवर होता. पोरांच्या पिढ्या परीक्षेत तोच काढून पास झाल्या.

आणि एक दिवस त्यानंच तो उतरवला. भरल्या वर्गासमोर, स्टुलावर चढून. नवं संशोधन वाचून वाचून त्याची खात्री पटली होती, की असा एकच एक अवाढव्य रेणू मातीत बसलेला नाहीच. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला, मी हरभऱ्याची उसळ करत होते. कढईत डोकावून म्हणाला, "ताई, तू हरभऱ्यात सोडा घालून त्याचा लगदा केला, अन् मग म्हणाली का हरभरा वावरातच असा असते, तर लोक हसतीन का नाई? आम्ही तेच करून राह्यलो. मातीत कॉस्टिक सोडा ओतून जे बाहेर आलं, त्यालेच ह्यूमस म्हणत आलो."

"मग मातीत असते तरी काय?" मी विचारलं. तर म्हणाला, पानांचे, मुळांचे, मेलेल्या जिवाणूंचे लहानमोठे तुकडे. काही अर्धे कुजलेले, काही संपत आलेले. ते मातीच्या बारीक कणांना चिकटून बसतात, ढेकळांच्या पोटात दडतात, जिवाणूंचं तोंड तिथवर सहज पोचत नाही, म्हणून टिकतात. मला राहवेना. म्हटलं, "अरे, पण तक्ता तुझाच ना?"

"माझाच. म्हणून तर मीच उतरवला."

त्याचे परिणाम त्याला भोगावे लागले. विभागप्रमुख म्हणाले, अभ्यासक्रमात आहे ते शिकवा. अरू शिकवायचा, पण आकृतीखाली पोरांना एक ओळ लिहायला लावायचा... 'असा रेणू मातीत असल्याचा पुरावा नाही.' बाहेरच्या परीक्षकानं त्या ओळीपायी मार्क कापले, पालक भांडायला आले, अरूला मेमो मिळाला. या पठ्ठ्यानं मेमोच्या उत्तरात पुन्हा तीच ओळ लिहिली, ठळक अक्षरांत! विभागप्रमुखपद हातचं गेलं ते गेलंच. आमच्या घरात हट्टीपणाचा मक्ता माझ्याकडे आहे असं मला वाटायचं, यानं मला कधीच मागं टाकलं होतं. आता कबूल करायला हरकत नाही, मला त्याचा भारी अभिमान वाटायचा.

तेरावं झालं आणि कॉलेजातून फोन आला. आताचे विभागप्रमुख अरूचेच विद्यार्थी, भला माणूस. म्हणाले, "ताई, सरांचा तक्ता स्टोअरमध्ये सापडला. आम्ही फ्रेम करून घेतला. प्रयोगशाळेत सरांच्या नावानं लावतो, अनावरण तुमच्या हस्ते." माझं डोकंच फिरलं. ज्या चुकीशी तो इतकी वर्षं भांडला, तीच त्याच्या नावाची पाटी लावून टांगायची? मी फोनवरच साफ नकार दिला. पण ते ऐकून सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, लोक प्रेमानं करून राह्यले. यांच्या हातचं दुसरं काय उरलं मले पाहायले?" तिच्यासाठी गेले समारंभाला.

समई, हार, भाषणं सगळं झालं. तक्त्यावर पिवळी शाल टाकलेली. माझं नाव पुकारलं आणि मी माइकसमोर उभी राहिले ती गप्प बसायला नव्हे. म्हटलं, "ही शाल मी काढणार नाही. हिच्याखाली जे आहे ते चूक आहे, आणि ते चूक आहे असं, ज्यानं ते रंगवलं त्यानंच सांगितलंय. त्याला मान द्यायचा असेल तर आधी त्याचं ऐका!"

तेवढ्यात सुनंदा उठली. ती सावकाश पुढं आली, शाल तिनं स्वतःच काढली, काचेवरून हात फिरवला आणि विभागप्रमुखांकडे वळून म्हणाली, "सर, हे मी घरी नेईन. इथं लावलं तर पोरं हेच शिकतीन. माझ्या घरी ते नुसतं यांच्या हातचं चित्र राहीन." विभागप्रमुख क्षणभर गोंधळले. मग त्यांनीच फ्रेमची एक बाजू धरली आणि गाडीपर्यंत आणून दिली.

परवा देवळीला गेले होते. दारातून आत शिरलं की समोरची अख्खी भिंत आता त्या तक्त्याची आहे. शेजारची बाई चहाला आली होती. ती वर बघत म्हणाली, "काय वं हे, रांगोळीचा नमुना का?"

"नाई वं," सुनंदा म्हणाली, "चूक आहे यांची." मग उठून तिनं पदरानं काच पुसली आणि म्हणाली, "पण हात पाहा कसा होता."