बिजलीच्या झडपेची खंडेनवमी

पिंगळी टेसनाजवळच्या तेलाच्या गिरणीत आसाराम अकरा वर्षं एक दोरी ओढत होता. वर पत्र्याचं मोठं नरसाळं, त्यात भरडलेली सरकी, खाली घाणा. दोरी ओढली की भरड पडायची, सोडली की थांबायची. काम एवढंच. पण भुगा असा उडायचा की दुपारपर्यंत आसारामच्या मिशा, भुवया अन् मुंडासं एकाच रंगाचं व्हायचं. संध्याकाळी गावची कुत्री त्याच्यावर रोज नव्यानं भुंकायची. खोकला असा की शेजारी त्यावर भाकरी टाकायची वेळ ठरवायचे.

जर्मनीची लढाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्या साली मालकानं बिजलीची झडप मागवली. गिरणीत इंजनावर चालणारा डायनामो होताच. झडपेसंगं हैद्राबादहून एक मिस्त्री आला. त्यानं नरसाळ्याच्या तोंडाला लोखंडी चौकट कसली, चौकटीच्या खाचेत सरकणारी पाती बसवली अन् बाजूला मोटार. चौकट आसारामनं धरली, नट आसारामनं आवळले, अन् आठ दिवसांत इतकं विचारलं की मिस्त्री जेवायला दुसरीकडं बसू लागला. बटणं लांब भिंतीवर. एक दाबलं की पाती उघडायची, दुसरं दाबलं की मिटायची. तिथवर भुगा पोचत नव्हता.

जाताना मिस्त्रीनं बजावलं, "इसकू तेल नक्को लगाव. रोज सूखा ब्रश मारो, बस."

कारभारी किशनरावांनी झडप आसारामच्या हवाली केली. "चालली तर तू हिचा मिस्त्री. न्हाई चालली तर पुन्ना दोरीवर."

आसाराम रोज ब्रश मारायचा. दीड महिना झडप गुमान चालली. मंग आली खंडेनवमी.

घरी धुरपताबाई विळ्या-कोयत्याला तेल लावत बसली होती. नवऱ्याला म्हणाली, "अन् तुमच्या बिजलीला?"

"तिला तेल चालत न्हाई. मिस्त्री सांगून गेलाय."

"त्या मिस्त्र्याला काय ठावं नवमी? सालभर राबणारं लोखंड आजच्या दिवशी कोरडं ठिवता? उद्या बिघडलं तर माझ्याम्होरं तोंड वासू नका."

आसाराम गिरणीत गेला. किशनराव इंजनापुढं नारळ फोडत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं. "झडप कोरडी काहून? बरं दिसत न्हाई. लाव की जरासं."

आसारामनं जरासं लावायला घेतलं. पण दहा वर्षांचा असल्यापासून त्यानं मोटेच्या चाकाला तेल पाजलेलं. त्या हाताला जरासं ठाऊक नव्हतं. पातीला लावलं, खाचेत ओतलं, वरून शेंदूर लिंपला. झडप लय देखणी दिसायली.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी आसारामनं पहिलं बटण दाबलं, पाती उघडली. दुसरं दाबलं, मोटार घुमली, पाती अर्ध्यात आली अन् थांबली. तेलात भुगा बसून खाचेत पिठलं झालं होतं. भरड पडतच राहिली. घाणा बुजला, घाण्याखालचा खड्डा भरला, मंग किशनरावांचं दसऱ्याचं नवं धोतर. नरसाळं रिकामं झालं तवा सगळं थांबलं.

"काय झालं रे?"

"मिटंना."

"ते दिसायलंय मला. गुडघ्यापर्यंत दिसायलंय."

इंजनवाला म्हणाला, डायनामोत खोट असंल. आसारामला नुसतं हो म्हणायचं होतं. पण करंटावर ढकललं तर बिजलीचा भरवसा न्हाई म्हणून झडप निघणार, अन् ती निघाली की तो दोरीवर. "करंट बराबर हाय," तो म्हणाला. "तेल म्या लावलं."

"कुणी सांगितलं होतं लावायला?"

विचारल्यावर विचारणाऱ्यालाच नवमी आठवली. किशनरावांनी बराच वेळ धोतर झटकलं.

"बरं. दिवस मावळायच्या आत चालली तर चालली. न्हाईतर काढून ठिव."

आसारामनं पाती उतरवली. बाभळीच्या काटकीनं खाच खरवडली, घासलेटच्या चिंधीनं पुसली, मंग कोरड्या फडक्यानं, मंग उन्हात वाळवली. शेंदूर कोपऱ्यांतून निघंना, तो दाभणानं एकेक कण काढला. भाकरी तशीच राहिली, फडक्यात मुंग्यांनी खाल्ली. उन्हं कलली तसे नट आवळले अन् नरसाळ्यात दोन पोती भरड टाकली.

किशनरावांनी बटण स्वतः दाबलं. भरड पडली. दुसरं दाबलं. खट् झालं अन् मागून मूठभरही सांडलं न्हाई. त्यांनी आणखी तीनदा दाबून पाहिलं. कशापायी ते कुणी विचारलं न्हाई, पण त्यांना मजा यायली हे दिसत होतं.

"राहू दे हिला," ते म्हणाले. "तुलाबी."

"अन् पुढल्या नवमीला?" आसारामनं विचारलं.

"लांबून."

पुढल्या साऱ्या नवम्यांना मिस्त्री आसाराम भिंतीपाशी उभा राहून लांबूनच हात जोडायचा. धुरपताबाईच्या मते ती पूजा नव्हतीच.