बाईंचा हात कुठल्या डिस्कवर?

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे 'चिकट' म्हणतात. दोऱ्याचा गुंता सोडवायला बसली की कुणी कात्री पुढे केली तरी घ्यायची नाही. तिच्या या स्वभावाने माझं डोकं फिरायचं आणि अजूनही फिरतं. पण तिच्याबद्दल बाहेरच्या कुणी वाकडं बोललं तर मी त्याची गय करत नाही.

मी कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. माणूस आला की स्कॅनरने माप घ्यायचं, ते सर्व्हरवर जातं, आणि त्यावरून मी साचा कोरते. सर्व्हर सांभाळायचं काम चिकटचं. आत दोन डिस्का, दोन्हींवर एकच मजकूर, म्हणजे एक मेली तरी दुसरी असते. रुग्णांची खाजगी माहिती म्हणून त्या जोडीवर एन्क्रिप्शनचं कुलूप आणि कुलपाच्या आत वेगवेगळे कप्पे. असं तिने मला समजावलं होतं आणि मी, "बरं बाई," म्हणून मान डोलावली होती.

चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. उजव्या पंजात गाठ निघाली होती आणि पंजा काढायचा ठरला होता. डाव्या हाताची बोटं लहानपणी दारात चेंगरून वाकडी झालेली, त्यामुळे त्याचं माप आरशातल्यासारखं उलटवून भागणार नव्हतं. "मला दुसऱ्या कुणाचा हात नको, माझाच द्या," असं म्हणून त्यांनी ऑपरेशनच्या आधी हात टेबलावर ठेवला. मी तो सगळ्या बाजूंनी स्कॅन केला. पुढच्या आठवड्यात तो हात राहिला नाही.

जखम भरल्यावर मी साचा करायला घेतला, तर बाईंची फाईल जागेवर नव्हती. नुसती बाईंचीच नाही, त्या सुमारास आलेल्या कुणाचीच नव्हती. मी चिकटला फोन करून नको नको ते बोलले.

ती आली आणि खुर्ची ओढून बसली. सगळं तपासून म्हणाली, "ताई, जोडी फुटलीय. आणि फोडली मीच."

झालं होतं असं. एक डिस्क मेली तर दुसरी एकटी वाचता यावी, म्हणून 'या दोघी जोडीच्या' ही सर्व्हरसाठीची खूण तिने डिस्कांच्या अगदी शेवटी ठेवली होती. काळजीपोटीच. पण त्यामुळे सुरुवातीला बघणाऱ्याला प्रत्येक डिस्क एकटीच पूर्ण कुलूपबंद दिसायची. मध्यंतरी वीज गेली आणि सर्व्हरचं मशीन सुरू होताना ते चालवणाऱ्या लिनक्सने जोडी लागायच्या आतच एका डिस्कवरचं कुलूप उघडलं. तेव्हापासून सगळं त्या एकीवरच लिहिलं जात होतं. सोमवारी मशीन पुन्हा बंद पडून सुरू झालं, तेव्हा त्याने दुसरी उघडली, जुनाट मजकुराची. आम्हाला कुणाला पत्ता नाही, आणि मशीन एका शब्दाने तक्रार करत नव्हतं.

कारखान्याचे मालक मागे येऊन उभे राहिले. "मग जोडी परत लाव की! त्यात काय एवढं?"

"जोडी लावायची म्हणजे एकीवरचं दुसरीवर उतरवायचं," ती म्हणाली. "उलटं उतरलं तर बाईंचा हात गेला. कायमचा."

दोन्ही एकदम उघडूनही चालणार नव्हतं. आतल्या कप्प्यांची नावं सारखी, मशीनचा गोंधळ उडाला असता. म्हणून तिने दोन्हींच्या वायरी काढल्या. मग एकच जोडली, जोडी लागू दिली नाही, आणि कुलूप नुसतं वाचण्यापुरतं उघडलं. पासवर्ड तिने एकेक अक्षर तपासत टाकला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवणार होते, पण तिला ते आवडत नाही, म्हणून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

"ताई, ये."

पडद्यावर बाईंचा हात होता. नखं, सुरकुत्या, पेन्सिल धरून पडलेला घट्टा, सगळं. मला रडू आलं. मी मालकांच्या देखत रडले.

"चला, सुटलो!" मालक म्हणाले. "आता हीच दुसरीवर उतरव."

"थांबा. सोमवारपासूनचं काम दुसरीवर आहे."

ते काम माझंच होतं, एका सुताराच्या पायाचं. मी म्हटलं, "जाऊ दे गं माझं काम. मी परत करीन. तू बटण दाब आणि मोकळी हो."

"तुझं काम जाईल गं, पण माप त्याचं आहे. सूज उतरायची वाट बघून आला होता तो. परत कशाला हेलपाटा घालायचा?"

आणि तिने बटण दाबलं नाही. पहिलीवरचं सगळं तिसऱ्या कोऱ्या डिस्कवर काढलं, ते उघडून तपासलं, मग वायर बदलून दुसरीवरचं काढलं. दोन्ही एकत्र करून झाल्यावरच तिने जोडी नव्याने बांधली, आणि या वेळी खूण सुरुवातीलाच ठेवली. मालक तीन वेळा चहा विचारून गेले, तिने तीनही वेळा नाही म्हटलं. मी आतून फुलून गेले होते, पण तोंडाने म्हटलं, "किती घोळ घालशील गं."

हात तयार झाला. बाई बसवून घ्यायला येणार होत्या त्या दिवशी चिकट काही काम नसताना हजर. मी तिला बाजूला घेतलं. "तू काही बोलू नकोस हं. सगळं निभावलंय. कशाला उगाच?"

माझं ऐकेल तर ती चिकट कसली! बाईंसमोर उभी राहून म्हणाली, "तुमचं माप माझ्या चुकीमुळे जाता जाता राहिलं. ते तुम्हाला माहीत असावं."

बाई नव्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली. "आता कुठे ठेवलंय?"

"तीन ठिकाणी."

"चौथी प्रत मला द्या," बाई म्हणाल्या. डाव्या हाताच्या वाकड्या बोटांनी त्यांनी चिकटचा कान धरला, वर्गात धरत असतील तसा, आणि ती हसेपर्यंत सोडला नाही.

"ही कोण तुमची?" त्यांनी मला विचारलं.

"बहीण," मी म्हटलं. "सख्खी."