धक्का काढून बघितला, सर

सरांशी मी खोटं बोलले होते.

परवा सर गेले. माझे पीएचडीचे गाइड.

आज प्रताप नगरला त्यांची तीये की बैठक होती. इकडे माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी सगळे येऊन बसतात, ती. तिथून आल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये.

आमचं काम कागदावरचं आणि कॉम्प्युटरवरचं. इलेक्ट्रॉन जागेवरून उठला की मागे रिकामी जागा उरते. त्या दोघांची जोडी जमली की तिला एक्सायटॉन म्हणतात. एकमेकांना जोरात ढकलणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत अशा असंख्य जोड्या आपोआप एका तालात येतात का, हे आम्ही मॉडेल करून बघत होतो.

पप्पा आर्मीत हवालदार. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "परेडच की."

"हो, पण हुकूम द्यायला कोणी नाही."

"मग ताल कसा धरतात?"

"तेच तर शोधतेय."

आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. पण प्रश्न पप्पांनी बरोबर विचारला.

कॅल्क्युलेशन सुरू करताना जोड्यांना एक छोटा धक्का आम्हीच देतो. नंतर तो काढायचा. तरीही ताल टिकला तर खरा. नाहीतर तो आपणच दिलेला हुकूम.

म्हणून ग्राफ बघायच्या आधी सर दर वेळी विचारायचे, "धक्का हटाया?"

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमधून फोनवर तेच विचारलं.

"हां जी, सर."

मी फाइल उघडूनसुद्धा बघितली नव्हती. त्यांच्या डोळ्यांदेखत पेपर जायला हवा होता मला.

"तो भेज दो, बेटा."

जर्नलला पाठवला.

आज बैठकीत मॅडमनी, सरांच्या पत्नीने, माझा हात धरला. "कहते थे, ये लड़की बिना देखे कुछ नहीं बोलती."

घरी येऊन चप्पल न काढता फाइल उघडली.

धक्का तसाच होता.

तो शून्य केला. दोन तासांत ग्राफची रेघ तळाला जाऊन बसली. जोड्या होत्या. ताल नव्हता.

पप्पांना सांगितलं.

"पेपरवर सरांचं पण नाव आहे?"

"आहे."

"मग आधी लिही. चहा नंतर."

जर्नलला मेल केलाय. पेपर थांबवा. चूक माझी आहे, सरांची नाही.

सर, धक्का हटाया.

ताल टिकला नाही.

या वेळी बघून सांगतेय.

नमस्कार.