छबूआजीची व्हिएन्नातली खिचडी

कोल्हारच्या आमच्या वस्तीवर दोन आज्या आहेत. थोरली छबूआजी, धाकटी गोजरआजी. नात्यानं जावा. लग्न होऊन आल्यापासून दोघी एकाच ताटात जेवतात. गोजरआजीला गोठ्यातून यायला उशीर झाला, तर छबूआजी भाकरीला हात लावत नाही. फक्त ओरडते, "ये की गं भवाने, जीव चाललाय माझा!"

छबूआजीचा मुलगा, आमचा कल्याणकाका, व्हिएन्नाला नोकरीला आहे. त्यानं उन्हाळ्यात दोघींनाही बोलावलं. पासपोर्टही दोघींचे झाले. पण आमच्या गाई परक्या हाताला पान्हा सोडत नाहीत, म्हणून एकीनं मागं राहणं आलंच. गोजरआजी म्हणाली, "बाई, औंदा तुमी जावा. पुढच्या मे महिन्यात मी."

तिथं पोचल्यावर छबूआजीचा पहिला व्हिडिओ कॉल आला, तेव्हा इकडं लाईट गेली होती. गोठ्याचा पत्रा तापलेला, गोजरआजी पदरानं मान पुसतेय.

"काय खाल्लं, बाई?"

तिकडून छबूआजी बघतच राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "खिचडी."

"आन ओठाला पांढरं काय लागलंय?"

"मलम. थंडीनं व्हट फुटलं."

ते मलम नव्हतं. सफरचंद घातलेली गरम गुंडाळी आणि वर साईचा ढीग, असं ती नुकतंच खाऊन उठली होती, तेही दोन बश्या. पण घामेजलेल्या जावेला हे सांगायला तिची जीभ रेटेना. एकदा खिचडी म्हटल्यावर रोजच खिचडी म्हणावी लागली.

"म्युझियम बगितलं का?"

"गुडघा कुटं बगू देतोय!"

आणि हा गुडघा राजवाडा, बाग, चार म्युझियम चालून आलेला. कल्याणकाका बाकावर बसून म्हणायचा, "आई, बास की आता." ही पुढं. एका चित्रात गावच्या लग्नाची पंगत होती. त्यापुढं ती इतका वेळ उभी राहिली, की रखवालदारानं खुर्ची आणून दिली. ट्राममधून हात बाहेर काढू देत नाहीत, एवढंच तिला आवडलं नाही.

दीड महिन्यानं ती परत आली. आल्या आल्या शेजारची बनूबाई हजर. "काय बगितलं गं छबू?"

छबूआजीनं तोंड पाडलं. "काय न्हाई गं. दगडं. गार वारं. खान्याला चव न्हाई, ढव न्हाई."

ते पडलेलं तोंड आणि ते लांबवलेलं "न्हाई गं" नकला करायच्या माझ्या खोडीपायी मी दुसऱ्या दिवशीपर्यंत पाठ केलं. बनूबाई मात्र तिच्या दंडाकडं बघत होती. "चव नसलेलं खाऊन बाह्या तटतटल्या व्हय?"

"सूज हाय ती. तिथलं पानी बाधलं," छबूआजी म्हणाली आणि घरात गेली.

दिवाळीच्या सुमारास कल्याणकाकाचा फोन आला. "काकू, मे महिन्याचं तुझं तिकीट काढतो."

"नको रे बाबा," गोजरआजी म्हणाली. "तुजी आई वाळूनच आली आसंल, पान्यानं फुगली म्हून कळलं न्हाई. मी जाऊन काय करू? दगडं हितंबी हायेत." फोन ठेवून तिनं पासपोर्ट ट्रंकेत तळाशी घातला.

छबूआजी चुलीपाशीच होती. सगळं तिनं ऐकलं. जेवायला बसली, तर घास हातातच. गोजरआजीनं विचारलं, "पोट बिगडलं का?"

"गोजर, तू जा."

"कशाला? खिचडी खायला?"

"खिचडी नव्हती गं. एक दिसबी नव्हती." मग तिनं साय सांगितली, पंगतीचं चित्र सांगितलं, धडधाकट गुडघा सांगितला. "तू घामानं निथळत हुतीस. मला लाज वाटली. गोड लागत हुतं त्याचीच लाज वाटली."

गोजरआजीनं हात झटकला. "म्हंजी गोड लागत हुतं?"

"लई."

"आन मी हितं आंब्याला शिवले न्हाई!" तिचा आवाज एकदम चिरकला. "पोरं रस वरपत हुती, मी म्हनलं, बाईला तिथं घास गिळंना, मी कशी खाऊ? सगळा हंगाम गेला, बाई! कोय चोखली न्हाई मी!"

त्या आवाजाची नक्कल मला अजून जमलेली नाही. खरं तर मी करून बघितली नाही.

छबूआजी खाली मान घालून बसली. आंबा आता कुठून आणणार? डोळे पुसायला तिनं पदर उचलला, तर गोजरआजी खेकसली, "रडू नका. मला सांगा. पहिल्यापास्नं. गुंडाळीत सफरचंद, आन वर काय?"

"साय."

"गोड का आंबट?"

"गोड... गोजर, चुकलं माजं."

"ते मागनं. किती प्रकारच्या गुंडाळ्या हुत्या?"

छबूआजी सांगत गेली. प्रत्येक पदार्थाचं नाव घेताना तिचा चेहरा असा व्हायचा, जणू पोलीस जबाब लिहून घेतायत. गोजरआजी मध्येच "हां", मध्येच "बया!" आणि मध्येच नुसता रागाचा सुस्कारा. सगळं ऐकून झाल्यावर तिनं मला कल्याणकाकाला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर.

"कल्याण, काढ माजं तिकीट. आन मी तिथनं रोज फोन करनार. काय खाल्लं ते खरं सांगनार. तुज्या आईनं हितं गोठ्यात बसून ऐकायचं."

"बरं काकू," काका हसला. "किती दिवसांचं काढू? दीड महिना?"

"दोन काढ."

छबूआजी पदरातून तोंड काढून फोनकडं वळली.

"अडीच काढ रे," ती म्हणाली.