गाळणीमास्तरांचं लिव्हर

कारखान्यात त्यांना सगळे गाळणीमास्तर म्हणायचे. पानं, साली, मुळं उकळायची, गाळायची, आटवायची आणि त्यांच्या अर्काची पावडर करून औषधवाल्यांना विकायची, असा तो कारखाना. एका टोकानं पोतीच्या पोती पानं आत जात आणि दुसऱ्या टोकानं बरणीभर पावडर बाहेर येई. मधल्या गाळणीवर मास्तर. काचेच्या नळीत अर्क घेऊन ते खिडकीच्या उजेडात धरायचे, रंग निरखायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या पुढं," नाहीतर, "परत उकळा." अर्धं आयुष्य त्या खिडकीशी गेलं होतं.

त्याच डोळ्यांनी त्यांनी एके दिवशी धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत पाहिलं. डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं होतं. ती म्हणाली, "दमलेय रे दादा, बाकी काही नाही." बाकी बरंच होतं. तिच्याच शरीरानं तिच्या लिव्हरशी वैर धरलं होतं आणि औषधांनी हात टेकले होते. आता जवळच्या कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा काढून तिला बसवायचा, एवढा एकच रस्ता उरला होता. लिव्हर पुन्हा वाढतं म्हणे, देणाऱ्याचंही आणि घेणाऱ्याचंही. पण द्यायचं कुणी? तिच्या नवऱ्याला मधुमेह, पोरं अजून शाळेत, आणि मास्तरांच्या बायकोचा रक्तगट जुळेना. जुळला तो मास्तरांचा. घरानं सुटकेचा निःश्वास टाकला, तो एक आठवडाही टिकला नाही.

तपासणीत मास्तरांच्याच लिव्हरवर चरबी निघाली. आता बोला! दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नाही, तरी ही तऱ्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दारू नसली तरी होतं. गोड खाणं, तेलकट खाणं, बसून काम. चरबी उतरली तर तुमचा तुकडा घेऊ, नाहीतर नाही. तुमच्याही जिवाला धोका आणि तिच्याही."

"किती वेळ आहे?" मास्तरांनी विचारलं.

"सध्या ती स्थिर आहे. फार वेळ आहे असं मात्र समजू नका."

मग त्यांना आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. बाई हौशी, समजावून सांगायच्या. म्हणाल्या, लिव्हरच्या पेशीत काही जनुकं चरबी बनवायच्या कामाची असतात, काही ती जाळायच्या. गोडधोड फार झालं की बनवणारी जोर धरतात. पालेभाज्या, कडधान्यं, फळं यांत काही द्रव्यं असतात, ती बनवणाऱ्यांना आवरतात आणि जाळणाऱ्यांना कामाला लावतात, असं उंदरांत दिसलंय. "माणसांत अजून पक्कं कळलेलं नाही हं. म्हणून तुम्ही वजन, चालणं आणि ताट, एवढंच धरून चाला."

"ग्रीन टीच्या पानात असतं का ते द्रव्य?"

"असतं की. घ्या एखादा कप हवं तर."

बाईंनी एवढं सगळं सांगितलं आणि मास्तरांच्या डोक्यात राहिलं काय, तर द्रव्य पानात असतं. दुसरा कुणी असता तर घरी जाऊन मुकाट्यानं वाटीभर पाला खाल्ला असता. पण ज्यानं जन्मभर पोतं आटवून बरणी केली, त्याच्या लेखी पान म्हणजे निव्वळ चोथा आणि पाणी. कामाचा तो अर्क. कारखान्यात तर ग्रीन टीचाच माल चालू होता! वाटी वाटी चघळत बसलो तर चरबी उतरणार कधी आणि बहीण वाचणार कधी, हा त्यांचा हिशोब. अति तिथं माती हे दुसऱ्यांना ऐकवायला सगळ्यांनाच येतं.

दुसऱ्या दिवसापासून चहाच्या सुट्टीत मास्तर नमुन्याच्या बरणीतली चमचाभर पावडर पाण्यात ढवळून घेऊ लागले. कडू जहर. डोळे मिटून घोट घ्यायचा, वर पाणी प्यायचं. थोड्या दिवसांनी संध्याकाळी निघतानाही घेऊ लागले. बायकोला पत्ता लागू दिला नाही. चालणं चालू होतं, गोड बंद होतं, पट्टा आतल्या भोकावर गेला होता. मळमळायचं, जेवण नको व्हायचं, पायांत त्राण नसायचं. बायको म्हणायची, "अहो, चेहरा बघा जरा आरशात." मास्तर म्हणायचे, "चरबी जळतेय, आणखी काय!" मनात मात्र धाकधूक होतीच.

पुढच्या तपासणीला बहीण हट्टानं बरोबर आली आणि बाहेर बाकावर बसली. आत डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "चरबी उतरलीय, छान उतरलीय. पण लिव्हरला सूज आलीय. मागच्या वेळी नव्हती. दुसरं काही घेता का? काढा, पावडर, गोळ्या?"

मास्तरांची पाचावर धारण बसली. हो म्हटलं की आपलं नाव कटलं आणि बहीण गेली, एवढंच त्यांना दिसत होतं. ते म्हणाले, "नाही."

"मग दुसरा आजार शोधावा लागेल. सुई घालून तुकडा काढून बघू. तोवर तुम्ही दाता नाही."

म्हणजे नाव कटलंच. मास्तर बाहेर आले, बाकावर बसले, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. लहानपणापासूनची खोड ती. बहिणीनं त्यांचा हात धरला.

"दादा, चष्मा पुसू नकोस. काय लपवतोयस?"

मग सांगितलं त्यांनी. तिनं चष्मा त्यांच्या नाकावर परत चढवला. मग म्हणाली, "तुला अक्कल कधी येणार रे? मला तुझं अर्धं लिव्हर हवंय, पण भाऊ अख्खा हवाय." आणि ज्या बाईला जिना चढवत नव्हता, ती थोरल्या भावाला दंडाला धरून परत आत घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मास्तर, कपभर चहात किती पानं आणि तुमच्या चमच्यात किती, हे मी तुम्हाला सांगायचं का? ते सगळं निस्तरायला शेवटी लिव्हरच असतं. आज बंद करा. सूज बहुतेक उतरेल. काही आठवड्यांनी परत बघू."

"आणि हिचं?"

"हिनं तोवर टिकायला हवं."

त्या दिवसापासून बहीण मास्तरांकडेच राहायला आली. वहिनी पालेभाजी शिजवायची, बहीण सुजलेले पाय स्टुलावर टेकून समोर बसायची आणि भावाचा घास मोजायची नाही, पण चावलेला बघायची. "गिळू नकोस, चाव." मास्तर चावायचे. एवढा चोथा जन्मात खाल्ला नव्हता. दवाखान्यातून फोन आला की तिघांचेही हात जागीच थांबायचे.

परत रक्त द्यायचा दिवस उजाडला. दोघं बहीणभाऊ तयार होऊन खिडकीशी उभे राहिले. तिनं त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवून डोळे निरखले आणि म्हणाली, "तुझे स्वच्छ आहेत. आता माझे सांग."

मास्तरांनी पाहिलं. त्या रंगाला एरवी त्यांनी मागं पाठवलं असतं. त्यांचा हात चष्म्याकडे गेला. तिनं तो तिथंच अडवला.

"कालच्यापेक्षा पिवळे आहेत," ते म्हणाले.

"मग चल लवकर," म्हणून तिनं चपला पायात सरकवल्या.