न पाठवलेली ‘झाडी’

यातलं एक अक्षरही मी कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल. बघा — इथेही भित्रेपणाच.

बल्लारपूरला आमच्या कॉलनीच्या क्लबात एक जुना पियानो होता. त्यावर मी मुलींना शिकवायचे. सुजाता गोंडपिपरीची. वडील गावात टपाल वाटायचे, ती आत्याकडे राहून कॉलेज करत होती. हात जरा जडच. पण कान! तो कान मला मिळाला असता तर — जाऊ दे.

तिला मी एका जर्मन रचनाकाराची जंगलावरची पियानो-मालिका शिकवत होते, एकोणिसाव्या शतकातली. मन लावून शिकली, आणि एक दिवस म्हणाली, “बाई, लय सुंदर हाय. पन हे थंड जंगल हाय. आपल्या इथी पानं वाजतेत.”

दोन-अडीच महिन्यांनी तिने स्वतःची मालिका लिहून आणली, वाजवून दाखवली. पाच तुकडे. नाव ‘झाडी’. पहिला तुकडा मोहाच्या झाडाचा — पहाटे फुलं पडतात तसे उजव्या हाताचे सुटे सूर, मध्ये मोजता न येणारी शांतता, डावा हात जवळजवळ गप्प. पुढे तेंदूची पानं होती, वणवा होता... मी नीट ऐकलं तरी कुठे? मोहातच मला कळून चुकलं होतं. वीस वर्षं मी असं काही लिहू बघत होते, आणि माझ्या वहीत तशी एक ओळ नव्हती.

नागपूरच्या एका संस्थेने नव्या रचना मागवल्या होत्या. तिने कागद माझ्या हातात दिले. “तुमीच पाठवा बाई. तुमच्या अक्षरात पत्ता बरा दिसते.”

मी पाठवले नाहीत. विसरले? — नाही. पाकीट आणलं, पत्ताही लिहिला. मग ते कपाटात साड्यांखाली सारून दिलं.

ती दर आठवड्याला विचारायची. तिसऱ्या महिन्यात मी सांगितलं — उत्तर आलं, बालिश आहे म्हणाले.

“सगळेच तुकडे?”

एवढंच विचारलं तिने. तेव्हाही वेळ गेली नव्हती ना? एक तरी तुकडा वाचवता आला असता. मी म्हणाले, “सगळेच.”

महिनाभर ती येत राहिली, मग आली नाही. मला काय वाटलं? खरं सांगायचं तर — हलकं वाटलं.

मागच्या वर्षी चंद्रपूरला रक्त तपासायला गेले. सुई घेऊन समोर सुजाता! केवढी हसली ओळखून. शीर एका झटक्यात सापडली तिला. कापूस दाबता दाबता म्हणाली, “बाई, तुमी तवाच खरं सांगतलं, बरं झालं. नाईतं मी अजून तेच करत बसली असती. कोन सांगते असं तोंडावर?”

कागद तेव्हाही माझ्या घरी होते, आजही आहेत. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. माझा हात तिच्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, “तुझं भलं व्हावं, एवढंच वाटत होतं मला.”

ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.