बसला तो बसलाच

माझ्या बाळंतपणात नवऱ्याने किती मदत केली, असं कुणी कौतुकाने म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मदत शेजारी करतात. पोरगी त्याचीही आहे.

तसा हा भांडणारा माणूस नव्हेच. रंगारी आहे, लोकांची घरं रंगवतो. रांगेत कुणी मध्ये घुसलं तर हाच एक पाऊल मागे सरकायचा. कामावरचे त्याला गोगलगाय म्हणायचे आणि हा खुशाल त्या नावाला ओ द्यायचा. माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची. लग्न झाल्यापासून त्याच्या वाटणीची भांडणंसुद्धा मीच भांडले.

सातव्या महिन्यात माझं ब्लडप्रेशर चढलं, झटके आले आणि घाईघाईने सिझर करावं लागलं. मी खालच्या मजल्यावर बेशुद्ध, लेक वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. वजन जेमतेम किलोभर. पुढचं सगळं मला माझ्या आईने आणि तिथल्या बायकांनी सांगितलं. याच्या तोंडून एक शब्द निघेल तर शपथ.

लेक जरा स्थिरावली तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता हिला माणसाची ऊब हवी. उघड्या छातीशी धरून तासन्तास बसायचं, त्याने श्वास सुधारतो, बाळ वजन धरतं. नाहीतर हिचं काही खरं नाही. हे काम आईचं, आणि आईला तर शुद्ध नाही. सिस्टरने विचारलं, घरात दुसरी बाई कोण आहे? सासू माझी कधीच गेलेली. माझ्या आईला खोकला, तिला दारातूनच परत पाठवलेलं.

"बाईच कशाला?" हा म्हणाला. "ऊब लागते ना? ती मलाही आहे."

सिस्टर म्हणाली, तिथे आया अंगावरचं बाजूला सारून बसतात, पुरुषाला कसं सोडू? शिवाय तुमच्या अंगाला रंगाचा वास येतो. तिचंही काही चुकत नव्हतं. हा घरी गेला, कातडी सोलेल इतकं घासून अंघोळ केली, नखं काढली आणि परत आला. परत नकार मिळाला, तसा दारातच उभा राहिला. आवाज चढवला नाही की जागचा हलला नाही. सिस्टरची पाळी बदलली तरी हा आपला तिथेच. शेवटी आतलीच एक आई वैतागून म्हणाली, घ्या त्याला आत आणि भिंतीकडे तोंड करून बसवा, म्हणजे आमची एकदाची सुटका होईल.

मग बसला तो बसलाच. समोर भिंत, मागे पडदा, छातीवर टोपडं घातलेली एवढीशी लेक. मध्येच उठावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा बेताने प्यायचा. ठेकेदाराचा फोन आला, उद्या ये नाहीतर येऊच नको. येत नाही, म्हणाला. कामावरचे दोघे भेटायला आले आणि दारातूनच खिदळत विचारू लागले, काय रे, दूध पण पाजतोस का? पाजतो की, हा म्हणाला, नळीने पाजतो, तुम्हाला येतं का? गोगलगायीला शिंगं फुटली म्हणत ते निघून गेले.

मी शुद्धीवर आले, पण ताप उतरेपर्यंत मला वर जाऊ देईनात. वरच्या सिस्टरने काढून दिलेला फोटो आईने फोनवर दाखवला. लेक त्याच्या छातीवर गाढ झोपली होती. मला आनंद व्हायला हवा होता ना? हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पोटात वाढवली मी, आणि ओळखते याला.

चाकाच्या खुर्चीवरून मला वर नेलं. त्याने स्वतःच्या जागी मला बसवलं, लेकीला माझ्या छातीवर ठेवलं, मान कशी धरायची, नळी कशी सांभाळायची ते दाखवलं. आणि ती रडायला लागली. आवाज तो केवढा, मांजराच्या पिल्लाएवढा, पण थांबायचं नाव घेईना. सिस्टर धावत आली. एवढं रडून दमेल ती, बाबांकडे द्या, तिला त्यांची सवय आहे, तुम्ही उद्या घ्या, म्हणाली. मी खरंच द्यायला निघाले. एवढी तोंडाळ मी, पण तेव्हा माझ्या अंगात भांडायचं त्राणच नव्हतं.

त्याने हात पुढे केले नाहीत. उलट शर्टाची बटणं लावायला घेतली, पार गळ्यापर्यंत.

"मी घेणार नाही," तो सिस्टरला म्हणाला. "पहिल्या दिवशी माझ्याकडेही ती अशीच रडली होती. तेव्हा तुम्ही थांबलात. आता हिच्यासाठी थांबा."

सिस्टरने यंत्रावरचे आकडे पाहिले, लेकीच्या तळपायाला हात लावला आणि स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली. हा पडद्याबाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला. लेकीचं रडणं चालूच होतं. मी तिला सांगितलं, रड बाई, हवं तेवढं रड, पण मी आता इथून उठायची नाही.